डबल बेल द्यायच्या आधी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, निवृत्त बस कंडक्टर, विधवा, पेन्शन चालू असलेली, सध्या मुक्काम परदेशी मुलाच्या घरी, लिहून ठेवते की पुढील मजकूर मी स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहीत आहे. दबाव आणणारी मंडळी घरातच राहतात, पण आत्ता कामावर गेली आहेत.

मिळकतीकडे वळण्याआधी एक तक्रार नोंदवते. या घरात टीव्हीला टेबल आहे, कुंड्यांना टेबल आहे, जोड्यांनासुद्धा एक बुटकं टेबल आहे. माणसाने बसून चार ओळी लिहाव्यात असं एकही टेबल रिकामं नाही. सबब हे मृत्युपत्र मी इस्त्रीच्या टेबलावर लिहीत आहे. ज्यांनी हा प्रयोग केला नसेल त्यांच्या माहितीसाठी सांगते. हे टेबल एका टोकाला निमुळतं आणि मधोमध मऊ असतं, पेन जरा टेकवलं की कागदाला भोक पडतं. ‘स्थावर’ हा शब्द लिहायला घेतला तेव्हाच ते जास्तीत जास्त हललं. पुढेमागे कोर्टात कोणी म्हणालं, की अक्षरात कंप दिसतो, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नसावं, तर कोर्टाने कृपया आधी टेबल पाहावं.

मृत्युपत्राचं कारण असं. परवा माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आतली एक झडप अरुंद झाली आहे, ती काढून दुसरी बसवणार आहेत. दवाखान्याच्या कागदावर एक प्रश्न होता : मृत्युपत्र केलं आहे का? मुलगा म्हणाला, “आई, ‘नाही’वर खूण कर आणि सोड. नसतं अभद्र कशाला?”

मी म्हटलं, “छाती फाडणार आहेत ते अभद्र नाही, आणि कागद लिहिला की अभद्र?”

“तुझ्याकडे आहे काय लिहायला?”

त्याच्या याच वाक्यामुळे पुढील सर्व कलमे लिहिली गेली. वाचणाऱ्यांनी आभार त्याचे मानावेत.

कलम पहिले : घर.

घर नाही. होतं. बस आगाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि गॅलरी. ह्यांनी आणि मी मिळून घेतलेलं. ह्यांच्यामागे मी तिथे चांगली नांदत होते. मग मुलाचे फोन सुरू झाले. “आई, तिकडे एकटी काय करतेस? विकून टाक ते. इकडे ये. इकडचे दवाखाने बघशील तर थक्क होशील. आरशासारखे आहेत.”

आरशासारखे आहेत हे मी मान्य करते. जावं, त्यात आपलं तोंड बघावं आणि परत यावं.

घर विकलं. आलेली रक्कम या घरात गेली, आणि बदल्यात मला इस्त्रीची खोली मिळाली. खोलीत माझी खाट, कपाट, सदर टेबल आणि घरातल्या सगळ्यांचे चुरगळलेले कपडे असतात. सबब ही खोली मी माझीच समजते. माझ्या माघारी ती सूनबाईला द्यावी. तिने तिथे लिहायचं टेबल आणावं, दाराला आतून कडी लावावी आणि मनाला येईल ते करावं. अट एकच. यापुढे मुलाचे शर्ट मुलाने इस्त्री करावेत. शिकवलं मी आहे त्याला, येत नाही असं म्हणाला तर खोटं बोलतो आहे असं समजावं.

धाकट्या दिरांनी, झडपेची बातमी कळताच, निरोप पाठवला होता : “वहिनी, इकडे या. पुढच्या खोलीत खाट टाकू. इकडे आठवड्यात ऑपरेशन होतं.” मुलाने हा निरोप मला फार आशेने वाचून दाखवला. ज्या भावोजींनी ह्यांच्या आजारपणात आमच्या दारावरून जाताना स्कूटरचा वेग वाढवला होता, त्यांच्या पुढच्या खोलीत छातीला टाके घेऊन पडायला मी काही वेडी नाही. खाट त्यांची त्यांना लखलाभ. या मृत्युपत्रात त्यांच्या वाट्याला एवढं एकच वाक्य येतं.

कलम दुसरे : पेन्शन.

ती माझ्याबरोबर संपते, त्यामुळे द्यायला काही उरत नाही. पण पेन्शनीसाठी दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागतो. म्हणजे मी जिवंत आहे असं मी सांगून चालत नाही, दुसऱ्या कोणी तरी लिहून द्यावं लागतं. इकडचं सरकार त्याच्या उलट. इकडे मी आजारी आहे असं मी सांगून चालत नाही. एका देशाला मी जिवंत असल्याचा पुरावा हवा, दुसऱ्याला मी पुरेशी मरायला टेकल्याचा. दोन्ही दाखले एकाच दिवशी काढायला गेले, तर कोणता नाकारतील हे सांगता येत नाही.

कलम तिसरे : विम्याचा कागद.

हा मुलाने मी येण्याआधी हौसेने काढला. छापील, चकचकीत, वर हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र. पहिल्यांदा जिन्यात धाप लागली तेव्हा विमावाला घरी आला. गोड माणूस. चहा प्यायला आणि म्हणाला, “आजी, आधीपासूनचा आजार यात बसत नाही.”

“धाप आत्ता लागली.”

“हो, पण ज्याच्यामुळे लागली ते आधीपासूनचं असेल ना.”

“हृदय आधीपासूनचंच आहे,” मी म्हटलं. “इकडे उतरल्यावर विमानतळावर नवीन घेतलं असतं तर चाललं असतं का?”

त्याने हे मनापासून विचारात घेतलं आणि ‘नाही’ म्हणाला. सदर कागद त्यालाच परत द्यावा. चित्रातलं जोडपं इतकं का हसतंय ते आता मला कळलं आहे.

कलम चौथे : माझं नाव.

हे कलम लांब आहे. बसून वाचावे.

विमा नाही म्हटल्यावर उरला सरकारी दवाखाना. घरासमोरचा रस्ता उतरून गेलं की कोपऱ्यावर चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, त्याच्या पलीकडे काचेच्या दारांचा तो दवाखाना. तिथे मुलांच्या मागून आलेल्या आईबापांना या देशात काही वर्षं काढल्याशिवाय मोठी तपासणी मिळत नाही. मी इकडच्या भाषेत, मोडकंतोडकं, काउंटरवर विचारलं, “आणि तोवर काही झालं तर?” काउंटरवाली हसून म्हणाली, “कोसळलात तर आम्ही लगेच घेऊ. गाडीसुद्धा पाठवू.” म्हणजे आडव्या माणसाला गाडी आणि उभ्या माणसाला रांग. मी उभी होते.

रांगेचं मला वावडं नाही. उभी हयात मी रांगा आणि जागांचे निवाडे करण्यात घालवली. बस फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडायचे, पिशव्या पडायच्या, एकदा एकाने स्वतःचं कडेवरचं पोर खिडकीतून आत सोडलं होतं. मग भांडणं. “ही जागा माझी आहे.” “तुम्ही कुठे होतात? इथे रुमाल होता नुसता.” माझा नियम ठरलेला असे, आणि तो आगारात सगळ्यांना पाठ होता : मी डबल बेल द्यायच्या आधी माणूस आला तर जागा रुमालाची. बेल दिल्यावर रुमाल खिडकीबाहेर. या नियमावर कोणाचं अपील नव्हतं.

इकडे बागेच्या बाकावर आमच्याकडची निवृत्त मंडळी सकाळी जमते. तिथेच मला मास्तरीणबाई भेटल्या. मुलीकडे राहतात, माझ्या आधी काही वर्षं आल्या. सगळी हयात शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवलं, आणि अजूनही समोरच्याला चौथीतलाच समजतात. त्यांची मुदत भरलेली असल्यामुळे त्यांचं नाव गुडघ्याच्या ऑपरेशनच्या यादीत लागलेलं होतं. अधूनमधून फेरतपासणी असते, तिला गैरहजर राहिलं की नाव कापतात आणि पुन्हा शेवटापासून.

एक दिवस बाई बाकावर आल्या त्या डोळे पुसतच. “ताई तिकडे शेवटच्या घटका मोजतेय. मला जायलाच हवं. आणि त्याच आठवड्यात माझी फेरतपासणी.”

“जा तुम्ही,” मी म्हटलं. “जागा धरते मी.”

“अहो कंडक्टरबाई, हा दवाखाना आहे, बस नाही.”

“रांग ती रांग.”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दवाखान्यात आमची नावं कोणाला उच्चारता येत नाहीत, म्हणून ते विचारतच नाहीत. विचारतात जन्मतारीख. आणि बाकावरच्या निम्म्या मंडळींचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत घालताना हेडमास्तर विचारायचे, “पोर कधीचं?” बाप सांगायचा, “मोठी म्हैस व्याली त्या सुमारास.” हेडमास्तर लिहायचे, एक जून. एका दिवसात एवढ्या बाळंतिणी कोणत्या सुइणीने सोडवल्या, हे आजवर एकाही सरकारला विचारावंसं वाटलेलं नाही. माझा आणि मास्तरीणबाईंचा तर सालही एकच. राहता राहिला बाईंच्या दवाखान्याच्या कार्डावरचा फोटो. पांढरे केस, चष्मा आणि गळ्यापर्यंत बटणांचा मरून स्वेटर. केस आणि चष्मा माझ्याकडे होता. स्वेटर बाईंनी विमानतळावर जायच्या आधी अंगावरून काढून दिला. “सांभाळून हो,” म्हणाल्या. “आमच्या ताईनेच विणलेला आहे.”

मी गेले. जन्मतारीख सांगितली. काउंटरवालीने फोटोकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं आणि आत सोडलं. नर्सने गुडघा दाबला. मी असा काही आवाज काढला की शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघून गेला. नर्स म्हणाली, “बरं बरं. आता जरा छाती तपासते, झालं मग.” मास्तरीणबाई अंगाने काडी, मी आगारातली बस. स्वेटर आधीच जीव मुठीत धरून होता. तिने वरचं बटण सोडवायला ओढलं ते तुटून उडालं आणि कपाटाखाली गेलं. मी वाकून शोधायला लागले. ती म्हणाली, “राहू दे, गप्प बसा.” नळी एका जागी लावली, मग दुसऱ्या जागी, मग पुन्हा पहिल्या. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती बाहेर जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

हृदयाचे डॉक्टर उंच, खांदे पाडून चालणारे, कोणी तरी खुंटीला अडकवून विसरलेल्या कोटासारखे. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “जिना चढताना धाप लागते?”

“गुडघा दुखतो,” मी म्हटलं. काम चोख करायला हवं होतं.

“गुडघ्याचं नंतर. धाप लागते का?”

आता आली का पंचाईत! मास्तरीणबाईंना धाप लागत नाही. मला लागते. मी थोडा वेळ त्या कपाटाखालच्या अंधाराकडे बघत बसले आणि म्हटलं, “लागते. हल्ली चपला घालतानाही लागते.” त्या खोलीत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

त्याच दिवशी, तिथल्या तिथे, यंत्राखाली घातलं, पडद्यावर माझी झडप दाखवली. जिच्यासाठी मला काही वर्षं थांबायला सांगितलं होतं ती तपासणी, मी दुसरी बाई झाले तेव्हा दुपारच्या चहाच्या आत झाली. माझ्या नावाने माझं हृदय कोणी ऐकलं नाही. स्वेटर बघून ऐकलं.

ऑपरेशन तातडीने करायचं आहे, असं पत्र अर्थातच मास्तरीणबाईंच्या मुलीच्या घरी गेलं. मुलगी हादरली. तिने तिकडे फोन लावला : “आई, तुझं हृदय! तू काही बोलली का नाहीस?” बाई बहिणीच्या उशाशी बसलेल्या. म्हणाल्या, “माझं हृदय ठणठणीत आहे गं. ते कंडक्टरबाईंचं असेल.”

ताई गेल्या. दिवसकार्य उरकून बाई परतल्या, आणि सरळ बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. “ऐका माझं. माझ्या नावाने करून घ्या ऑपरेशन. कोणाला कळतंय?”

“आणि मी टेबलावर गेले तर?”

“तर काय?”

“तर तुम्ही गेलात. दाखला तुमचा निघेल. तुमची पेन्शन बंद, तुमचा गुडघा रद्द. आणि मी जिवंत. कायमची.”

बाई विचारात पडल्या. “दरवर्षी तुमचा हयातीचा दाखला मी आणून देत जाईन,” म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला धाप लागली आणि त्या घाबरल्या. “अगं, हसू नकोस, हसू नकोस,” म्हणत पाठ चोळायला लागल्या. ‘अहो’चं ‘अगं’ झालं ते त्या दिवशी, तेवढ्यापुरतं.

घरी मुलाने हंबरडाच फोडायचा बाकी ठेवला. “आई, तुला कळतंय का तू काय केलंस? आपल्या सगळ्यांना बाहेर काढतील! तू तिकडे जा. काकांकडे जा. मी तिकीट काढतो.”

“तिकिटं आजवर मी फाडली,” मी म्हटलं. “माझं कोणी फाडू नये.”

सूनबाई इतका वेळ भांडी पुसत उभी होती. ती म्हणाली, “तिकडे कुठे जातील त्या? तिकडचं घर आपण खाल्लं.” मुलाने तिकिटाचं पुन्हा नाव काढलं नाही. त्या एका वाक्यासाठी खोली तिला दिली आहे, हे इथे नमूद करते.

मी ठरवलं ते असं. मरायचं असेल तर मी मरेन, पण माझ्या नावाने. जगायचं असेल तर तेही माझ्याच. दुसऱ्याच्या पासवर प्रवास करणाऱ्याला मी आयुष्यभर पुढच्या थांब्यावर उतरवलं आहे. गुडघा दाबून घेणं वेगळं, ती शेजारधर्माची जागा धरणं होतं. हृदय फुकट्यासारखं बदलून घेणार नाही.

आम्ही दोघी काउंटरवर गेलो. मी सांगितलं, “ही झडप यांची नाही, माझी आहे.”

काउंटरवालीने सगळं ऐकलं, संगणकात पाहिलं आणि म्हणाली, “मग तुमची तपासणी झालेलीच नाही.”

“झाली की. मीच होते यंत्राखाली.”

“ती त्यांच्या नावावर झाली.”

“यांच्या छातीत बघा, सापडते का झडप.”

“त्यांची तपासणी कशाला करायची? त्यांना काही होत नाही ना?”

“नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मग झालं तर,” ती म्हणाली. “आजारी आहे ते नाव, आणि त्या नावाच्या बाई बऱ्या आहेत. पुढचे.”

मी कमरेचा रुमाल काढला, काउंटरसमोरच्या पहिल्या खुर्चीवर टाकला आणि बसले. शेजारी मास्तरीणबाई. रोज सकाळी दवाखान्याची दारं उघडली की आम्ही तिथे. बाईंनी येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना पाढे विचारायला सुरुवात केली. सुरक्षारक्षकाने दोनदा उठवलं. तो जवळ आला की मी म्हणे, “माणूस आलेलं आहे, रुमाल नाही हा नुसता.” त्याला भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. शेवटी तोच आम्हाला पाणी आणून द्यायला लागला.

नर्सने एके दिवशी जाता जाता ओळखलं. स्वेटर नव्हता तरी ओळखलं, त्याबद्दल तिचं नाव वाटपाच्या यादीत पुढे येईल. तिने डॉक्टरांना आणलं. त्यांनी तिथेच, सगळ्या रांगेसमोर, माझ्या छातीला नळी लावली. “नाव काय ते मला माहीत नाही,” म्हणाले, “पण हा आवाज मी ऐकलेला आहे. हीच ती.”

काउंटरवाली म्हणाली, “डॉक्टर, त्यांची मुदत भरलेली नाही. कोसळल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. नर्सने माझ्या कोपराला हळूच हात लावून खालच्या बाजूला ओढलं. मास्तरीणबाई कानात पुटपुटल्या, “बसा ना पटकन खाली. क्षणभर डोळे मिटा. मी ओरडते.”

मला काय हवं होतं ते समोर होतं. एक गुडघा वाकवला की गाडी येणार होती.

मी मराठीतच म्हटलं, “मी पडणार नाही. घाटातल्या वळणांवर, ड्रायव्हर पेंगत असताना, हातात चिमटा आणि काखेत पिशवी घेऊन मी चालत्या बसमध्ये उभी राहिले. नोकरीत एकदाही पडले नाही. तुमच्या थांबलेल्या व्हरांड्यात पडू होय? उभी आहे तशी घ्या. न्यायचं तर पायावर चालत न्या, नाहीतर मी इथेच आहे.”

मास्तरीणबाईंनी याचा त्यांच्या परीने अनुवाद केला. नंतर कळलं की त्यांनी फक्त “ही बाई हट्टी आहे” एवढंच सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. काउंटरवरचा कागद ओढून उभ्याउभ्याच त्यांनी त्यावर लिहिलं : ‘रुग्ण उभी आहे. कोणत्याही क्षणी कोसळेल. जबाबदारी माझी.’ खाली सही केली. आणि मग माझ्याकडे वळून, आख्ख्या या देशात पहिल्यांदा कोणी तरी, विचारलं, “तुमचं पूर्ण नाव सांगा. हळू सांगा.”

मी सांगितलं. चुकीचं लिहिलं. पुन्हा सांगितलं. बरोबर लिहिलं.

त्याच दुपारी खोटं माणूस पाठवल्याबद्दल मास्तरीणबाईंचं नाव गुडघ्याच्या यादीतून कापलं. पुन्हा शेवटापासून. मी काउंटरवर भांडायला निघाले तर बाईंनी पदर धरून बसवलं. “राहू द्या. बसून राहिलं की दुखत नाही काही.” आणि उठताना खुर्चीचा हात दोन्ही हातांनी धरला.

सबब, या कलमान्वये : ऑपरेशनात मी गेले तर मृत्यूचा दाखला माझ्या पूर्ण नावाने निघावा. माझं, ह्यांचं आणि आडनाव, तिन्ही. कागदावर मावत नसेल तर मोठा कागद घ्यावा. उच्चारता येत नसेल तर शिकावं. आणि जन्मतारखेच्या जागी एक जून लिहायचं असेल तर लिहा, पण पुढे कंसात ‘हेडमास्तरांच्या म्हणण्यानुसार’ असं घालावं.

कलम पाचवे : हत्यारं.

तिकिटं छेदायचा चिमटा डॉक्टरांना द्यावा. स्प्रिंग चांगली आहे. ज्यांना आत घ्यायचं ठरवतील त्यांच्या कागदाला त्यांनी स्वतः भोक पाडावं, काउंटरवर सोडू नये. शिट्टी नर्सला. चामड्याची पिशवी सूनबाईला, पट्टा लांब आहे, कपड्यांच्या घड्या करताना खांद्याला लावली की दोन्ही हात मोकळे राहतात. काउंटरवालीला मी माझं ‘पुढे सरका, आत जागा आहे’ हे वाक्य देते. नोकरीभर वापरलं, अजून चालू स्थितीत आहे. तिने दिवसातून एकदा जरी म्हटलं तरी पुरे.

मुलाला काय? त्याला मी माझा राग देणार होते. बराच साठला आहे आणि चांगल्या प्रतीचा आहे. पण काल तो इस्त्रीच्या खोलीत आला आणि उभाच राहिला. म्हणाला, “आई, मला वाटलं होतं इकडे सगळं सोपं असेल. खरंच वाटलं होतं.” मी म्हटलं, “तो शर्ट दे इकडे.” तो म्हणाला, “नाही, मी करतो.” त्याने कॉलर जाळली. सबब राग माझ्याकडेच ठेवते, तो शर्ट त्याला.

कलम सहावे : मागून करायच्या गोष्टी.

रडायचं असेल त्यांनी रडावं, पण “देवाची इच्छा” असं कोणी म्हणू नये. देवाचा यात संबंध नाही, मुदत भरायची होती. “इथल्या लोकांचे फार उपकार” असंही म्हणू नये. मी उपकार मागितले नाहीत, नंबर मागितला. आणि “नाहीतरी वय झालं होतं” असं जो म्हणेल त्याला सूनबाईने शिट्टीवालीकडे पाठवावं.

ऑपरेशन पार पडलं तर हे मृत्युपत्र आपोआप रद्द समजावं, आणि मला लिहायला टेबल आणावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईने करावी. मुलाला विचारायची गरज नाही, सांगितलं तरी चालेल.

वरील मजकूर मी लिहिला, स्वतःशी मोठ्याने वाचला, बरोबर आहे.

सही : (वळणदार केली आहे. कंप टेबलाचा आहे.)

साक्षीदार पहिल्या : मास्तरीणबाई. सही करताना त्यांनी चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि एका ठिकाणी लाल पेन मागितलं.

साक्षीदार दुसरे : कोपऱ्यावरचे चाव्या बनवणारे. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही. म्हणूनच निवडले.

ठिकाण : इस्त्रीची खोली.

तारीख : चौदा ऑक्टोबर. निदान ही एक तरी खरी असू दे.

ता. क. : साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं सूनबाईने कुठे तरी वाचून मला बजावलं आहे. म्हणून मास्तरीणबाईंच्या नावे मी काहीही ठेवलेलं नाही, आणि पुढील गोष्ट या मृत्युपत्राचा भाग समजू नये. मरून स्वेटर मी देत नाही, परत करते आहे. थंड पाण्यात हाताने धुतला आहे. तुटलेलं बटण नर्सने कपाट सरकवून शोधून दिलं, ते दुहेरी दोऱ्याने घट्ट लावलं आहे. त्यांच्या ताईच्या विणीला कुठे धक्का लागलेला नाही. आज संध्याकाळी त्यांच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवून येते, बेल न वाजवता. परवा दवाखान्यात सकाळी गारठा असतो, त्यांना बाहेर बराच वेळ बसावं लागेल. उजव्या खिशात माझा रुमाल आहे. शेजारच्या खुर्चीवर काय करायचं ते त्यांना माहीत आहे.